तुम्ही विचारलंत म्हणून: डब्यांचं घर स्वस्त पडलं का?

गावातले लोक आमच्या घराला ‘डबा’ म्हणतात. मुंबईतले ‘मॉड्युलर होम’ म्हणतात, म्हणजे कारखान्यात तयार करून आणून जागेवर जोडलेलं घर. विचारतात मात्र दोघंही एकच: फुटाला काय भाव पडला?

कारखान्याने सांगितलेला भाव होता फुटाला 1,600. आम्हाला पडला 2,800. मधल्या बाराशे रुपयांची गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो.

चिपळूण तालुक्यात, सावर्ड्याजवळ आमची वडिलोपार्जित जागा. गवंड्याकडून जांभ्याचं घर बांधायचं तर मी डोंबिवलीहून किती फेऱ्या मारणार? पावसाचे चार महिने काम बंद, मग भातकापणी, मधे गणपती, नंतर शिमगा. म्हणून 20 फूट लांब आणि 8 फूट रुंद असे तीन डबे कारखान्यात बनवून घ्यायचे आणि जागेवर शेजारी शेजारी ठेवून जोडायचे, असं ठरवलं. एकूण 480 चौरस फूट.

भावपत्रक पाहून आम्ही खूश. 7,68,000 रुपयांत घर! खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या: जीएसटी वेगळा, वाहतूक वेगळी, उतरवणं वेगळं, पाया ग्राहकाचा. 18 टक्के जीएसटीनेच दीड लाखाच्या जवळचा आकडा वाढवला. जोतं, शौचालयाची टाकी, पाण्याची लाइन हे सगळं शेवटी गावातल्याच गवंड्याने केलं. म्हणजे ज्याला टाळायला निघालो होतो, त्याच्याच दारात आधी जावं लागलं. (माणूस गुणी निघाला. जोतं एका सुताचं इकडेतिकडे नाही.)

पण खरा दणका बसला तो रस्त्याने. कारखान्याने 40 फुटी ट्रेलर धरला होता, एका खेपेत दोन डबे. हायवेवरून आत आमच्याकडे चार किलोमीटर, त्यात देवळाजवळचं वळण. तिथे एसटीसुद्धा मागे-पुढे करून निघते. ट्रेलर फाट्यावरच थांबला. मग हायड्रा (डबे उचलायची क्रेन) मागवली, डबे रस्त्याकडेला उतरवले, लहान गाडीवर एकेक करून आत नेले, आणि जागेवर परत उतरवले. हायड्राचे दोन दिवस, चिपळूणहून येण्याजाण्याचं भाडं, वर फणसाची एक फांदी. तुम्ही डबा पसंत करण्याआधी टेप घेऊन रस्त्यावर जा. वळण मोजा, विजेच्या तारांची उंची बघा, आणि त्याचे फोटो कारखान्याला पाठवून ‘गाडी इथवर येईल’ असं लिहून घ्या. एवढं केलं असतं तर माझे साठ हजार वाचले असते.

‘हे बांधकाम नाहीच, परवानगी कशाला?’ असं विक्रेता सांगेल. ऐकू नका. जोतं आणि संडासाची टाकी आली की बांधकाम आलंच. आमची जागा गावठाणात, त्यामुळे सोपं गेलं. शेतजमिनीवर शेतघर बांधायचं तर जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे किमान 0.4 हेक्टर (सुमारे चाळीस गुंठे) जमीन लागते. म्हणजे पाच गुंठ्यांचा तुकडा घेऊन त्यावर डबा ठेवायचं स्वप्न कुणी विकत असेल तर सावध.

आता फायद्याचं. जांभ्याची भिंत नऊ इंचांची, आमची चार इंचांची. बाहेरून तेवढंच घर, पण आत चौतीस-पस्तीस चौरस फूट जास्त मिळाले. हिचं देवघर त्यातच झालं. जोतं तयार झाल्यावर सहा आठवड्यांत आम्ही राहायला आलो.

दोन खर्च मला अजिबात सलत नाहीत. पहिला, तिन्ही डब्यांवर मिळून घातलेली एकच पत्र्याची शेड, चारी बाजूंनी तीन फूट बाहेर काढलेली. डब्यांच्या दोन जोडांवर कोकणातला पाऊस सिलिकॉनच्या भरवशावर सोडणं म्हणजे जुगार. शिवाय पत्रा आणि डबा यांच्यातून वारा खेळतो, एप्रिलमध्ये आत भाजत नाही. दुसरा म्हणजे न दिलेले पैसे: करारात दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचं लिहून घेतलं होतं. शेड घालूनही जुलैत वाऱ्याच्या झोडीने खिडकीच्या चौकटीतून पाणी आलं. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस हजर झाला. पैसे पूर्ण दिले असते तर तो दिवाळीनंतर आला असता, आला असता तर.

चूक केली ती शेवटी. पत्र्याखाली आवाज शोषणारं अस्तर घालायला तीस हजार जास्त लागत होते. एव्हाना हात इतका आखडला होता की मी ‘नको’ म्हटलं. आता पाऊस लागला की टीव्ही बंद करावा लागतो, आणि आंब्याच्या दिवसांत पहाटे माकडं पत्र्यावरून धावली की ही मला हलवून विचारते, ‘किती वाचवलेत म्हणालात?’