नळीवाल्यांची पंगत

पोटातल्या नळीने जेवणाऱ्या आम्हा लोकांच्या वार्षिक मेळाव्यात स्वागत, अहवाल, हिशेब, नवी कार्यकारिणी हे सगळं दरवर्षीसारखं झालं. माझा आवाज शाबूत आहे म्हणून अहवाल माझ्याकडे असतो. तो कुणी ऐकत नाही हेही मला ठाऊक आहे.

आमच्यातल्या बहुतेकांना तोंडाने जेवता येत नाही. कुणाची जीभ कर्करोगात गेली, कुणाचा घोट पक्षाघातापासून श्वासनलिकेत उतरतो. १९७९ साली पहिल्यांदा पोट न फाडता, दुर्बीण घालून जठरात नळी बसवली गेली. त्याच नळीवर आम्ही जगतो. सुरुवातीला मेळाव्यात जेवण ठेवतच नसत. आम्हाला वाईट वाटेल म्हणून!

मग एका वर्षी जीभ गेलेल्या एक बाई फळ्यावर लिहून ‘बोलल्या’: “घरचे दार लावून जेवतात, मला वास येऊ नये म्हणून. पोट भरतं माझं. पण मुलगा दिवसभराचं सगळं जेवतानाच सांगायचा, ते आता दाराआड सांगतो.” ‘दाराआड’ लिहिताना खडू मोडला. तुकडा उचलायला कुणी उठलं नाही. दरवर्षी कुणी ना कुणी असं बोलतं आणि दरवर्षी माझा चष्मा पुसायचा होतो.

तेव्हापासून एकच टेबल. सोबत्यांची ताटं आणि आमच्या ६० मिलिलिटरच्या सिरिंजा. नळीला जोडलेली सिरिंज वर धरली की फीड, म्हणजे आमचं पातळ अन्न, भराभर उतरतं, खाली आली की थांबतं. गप्पांच्या नादात हात खाली येतोच. शेजारचा जेवता जेवता डाव्या हाताने आमचं कोपर वर उचलतो, बोलणं न तोडता. फीडनंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नसतं, त्यामुळे कुणालाच घाई नसते. खरा मेळावा तोच.

एक सल आहे. गिळायचे व्यायाम करून ज्यांची नळी निघाली, ते पुन्हा फिरकत नाहीत. आनंदच आहे, पण नव्या माणसाला तुम्हीच दिसायला हवेत ना? यंदा असे दोघेच आले.

आभार: नळीत अडकलेलं फीड कोमट पाण्याने मोकळं करून देणाऱ्या सिस्टर, गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या ताई, खुर्च्या लावणारे दोघे भाऊ, फळा आणणारे, फळा परत नेणारे (ते वेगळे), आणि शेवटपर्यंत थांबून सिरिंजा धुणारे काका. गेल्या वर्षी काकांचा उल्लेख राहिला होता. ते काही बोलले नाहीत, काकू बोलल्या.