शामा मला शोधते तेव्हा

शनिवारी सकाळी पाऊण तास मी उतारावरच्या एका खड्ड्यात पडून होते. अंगावर ताडपत्री, तिच्यावर पालापाचोळा आणि खिशात शामा या कुत्रीची आवडती दोरी. शोधपथकातल्या कुत्र्यांच्या सरावासाठी ‘हरवलेलं माणूस’ व्हायचं, हे काम मी सहा वर्षं करतेय. नुसतं लपायचं, त्यात काय, असं लोकांना वाटतं. पण कुत्रं माणूस कसं शोधतं, हे जितकं त्या खड्ड्यातून कळतं तितकं बाहेरून कळत नाही.

काही कुत्री हरवलेल्याचा कपडा हुंगून त्याच्या वाटेनं माग काढत जातात. शामाचं तसं नाही, ती हवेतला वास पकडते. आपल्या अंगावरून त्वचेच्या मेलेल्या पेशी सतत गळत असतात. त्यांचा गंध वाऱ्याबरोबर निघतो आणि लांब जाईल तसा हातपंख्यासारखा पसरतो. म्हणून ती वाऱ्याला आडवी धावते. वासाच्या पट्ट्यात शिरली की मान झटकन वळते, पट्ट्याबाहेर गेली की लगेच माघारी फिरते. असं नागमोडी येता येता पट्टा अरुंद होत जातो, आणि निमुळत्या टोकाला मी असते.

मला आधी तिच्या गळ्यातली घंटी ऐकू येते, मग श्वास. लांब असते तोवर तोंड उघडं, हाहाहा असा. जवळ आली की तोंड मिटतं आणि सुरू होतं ते भराभर हुंगणं, सेकंदाला पाचेक वेळा. शनिवारी ताडपत्रीच्या फटीतून तिचं नाक माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतं. ओलं, खरबरीत, आणि दोन्ही बाजूंना बारीक चिरा. हवा समोरून आत जाते, पण बाहेर पडते ती या चिरांतून, बाजूला. म्हणजे स्वतःच्याच उच्छ्वासानं समोरचा वास उधळला जात नाही. आत गेलेल्या हवेचेही दोन वाटे होतात: मोठा फुप्फुसांकडे, लहान नाकाच्या मागच्या कप्प्यात, वास ओळखायला. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्याही वर. हे आकडे मला आधीही पाठ होते. पण ते नाक इतक्या जवळून चालताना पाहिलं आणि अंगावर काटा आला.

एवढं नाक असूनही आपण ऐकलं नाही तर सगळं वाया जातं. दोन वर्षांपूर्वी एका नव्या हँडलरला, म्हणजे कुत्र्याला घेऊन शोध घेणाऱ्याला, खात्री होती की मी खालच्या पडक्या खोलीत आहे. मी होते वर, चढावर. पहाटेची गार हवा उतारावरून खाली वाहते, त्यामुळे कुत्र्याला माझा वास खालीच लागला होता. ते तीनदा चढाकडे वळलं आणि तिन्ही वेळा त्यानं परत बोलावलं. शेवटी ते खोलीपाशी बसलं आणि भुंकलं. मला वरून सगळं दिसत होतं आणि फार वाईट वाटलं. कुत्रं चुकलं नव्हतं, त्यानं मालकाचं मन राखलं होतं.

2011 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हेच तपासलं होतं. कुत्रं आणि हँडलर अशा 18 जोड्या घेतल्या आणि शोधायचा वास कुठेच ठेवला नाही. हँडलरना मात्र सांगितलं की लाल कागद असेल तिथे वास आहे. त्या कागदांपाशीच ‘कुत्र्यानं इशारा दिला’ अशा नोंदी जास्त झाल्या.

याउलट 1989 साली ‘द लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचं पत्र छापून आलं होतं. एका बाईचं कुत्रं तिच्या पायावरचा एकच तीळ सारखं हुंगायचं, कपड्यावरूनसुद्धा. एकदा तर त्यानं तो चावून काढायचाच प्रयत्न केला. बाई तपासायला गेली. तो मेलानोमा निघाला, त्वचेचा घातक कर्करोग. त्या कुत्र्याला कुणी शिकवलं नव्हतं. बाईनं त्याचं ऐकलं, एवढंच.

शामाचा हँडलर ऐकणारा आहे. शनिवारी ती करवंदीच्या जाळीकडे वळली तेव्हा तिथे माणूस लपेल असं कुणालाही वाटलं नसतं. तो मुकाट्यानं तिच्या मागे आला, हात खिशात, एक शब्द नाही. ती ताडपत्रीवर पाय रोवून भुंकत राहिली, तो येईपर्यंत. मग मी उठले. बक्षीस सापडलेल्या माणसानंच द्यायचं असतं, म्हणजे माणूस सापडण्यातच तिला आनंद वाटतो. मी दोरी काढली. तिनं दुसरं टोक पकडलं आणि गुरगुरत असं ओढलं की मी पुन्हा खड्ड्यात बसले.