हायडॅटिड गाठींचे जीनोटाइप काढताना: माझा अनुभव

मेंढीतल्या आणि गाईतल्या हायडॅटिड गाठी एकाच पट्टकृमीच्या असतात का, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. एकायनोकॉकस हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, लांबी जेमतेम काही मिलिमीटर. त्याची अंडी पोटात गेली की मेंढी, गाय किंवा माणसाच्या यकृतात नाहीतर फुफ्फुसात पाण्याने भरलेली गाठ वाढू लागते. 1992 मध्ये बोल्स, ब्लेअर आणि मॅकमॅनस यांनी कॉक्स-1 या मायटोकॉन्ड्रियल (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या) जनुकाच्या 366 बेसच्या, म्हणजे डीएनएच्या 366 अक्षरांच्या, तुकड्यावरून या कृमीचे जनुकीय गट, म्हणजे जीनोटाइप, ओळखून दाखवले. जी1, जी5 वगैरे गट त्यातले. माणसातल्या बहुतेक गाठी जी1च्याच असतात.

गाठी कत्तलखान्यातून आणल्या. फॉर्मालिनने डीएनएचे तुकडे पडतात, म्हणून सगळं इथेनॉलमध्ये. एकाच जनावरातल्या गाठीही मी वेगवेगळ्या ट्यूबमध्ये ठेवल्या, कारण प्रत्येक गाठ वेगळ्या अंड्यातून वाढलेली असू शकते.

गाठीतलं पाणी पेट्री डिशमध्ये ओतलं की तळाशी बारीक वाळूसारखा साका बसतो. त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की प्रोटोस्कोलेक्स, म्हणजे कृमीची इवलीशी डोकी, दिसतात, प्रत्येकाच्या आत मिटून बसलेलं हुकांसारख्या आकड्यांचं कडं. पुढे प्रत्येकाचा एक कृमी होऊ शकतो, हे माहीत असूनही पाहताना अंगावर काटा येतो. साका असला की डीएनएची चिंता नाही. वांझ, म्हणजे साका नसलेल्या, गाठीत मात्र आतला पातळ थर खरवडून काढावा लागतो आणि त्यात जनावराचा डीएनएही मिसळतो.

पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढण्याची पद्धत) सरळ झाला. खरा वेळ गेला सिक्वेन्स, म्हणजे बेसचा क्रम, वाचण्यात. एका बेसचा फरक खरा की मशीनचा गोंधळ, हे ठरवायला तुकडा दोन्ही बाजूंनी वाचून आलेले ग्राफ शेजारी लावून प्रत्येक शिखर तपासलं. मग त्या क्रमाचं प्रथिनात भाषांतर करून पाहिलं. चपट्या कृमींच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए हा तीन बेसचा शब्द स्टॉप, म्हणजे प्रथिन संपल्याची खूण, नसून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा असतो, त्यामुळे त्यांचा वेगळा कोड निवडावाच लागतो. जी1 आणि जी3 यांचा निवाडा एवढ्या छोट्या तुकड्यावर करू नये असं माझं मत झालं. त्या नमुन्यांसाठी नॅड-5 हे दुसरं मायटोकॉन्ड्रियल जनुक वापरलं.

मेंढ्यांच्या गाठी जी1 आणि जी3 निघाल्या. गाईंच्या बऱ्याच गाठी वांझ होत्या, त्याही जी1. पण फुफ्फुसातल्या काही गाठींत भरपूर साका होता आणि त्या जी5 निघाल्या. आज जी5ला एकायनोकॉकस ऑर्टलेप्पी ही स्वतंत्र जात मानतात. कुत्र्याच्या पोटात जी1ला अंडी टाकण्याइतकं वाढायला सहसा चाळीसपेक्षा जास्त दिवस लागतात, जी5ला साधारण पस्तीसच. कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे जंतनाशक दिलं, तर जी5ला मधे अंडी टाकायला आठवडाभर मोकळा मिळतो. म्हणून गाईंच्या कळपांजवळच्या कुत्र्यांसाठी मी अहवालात चार आठवड्यांचं अंतर सुचवलं.