बाबांच्या पद्मिनीचं मरून रेक्झिन

बाबांच्या पद्मिनीचं इंजिन अजून ठणठणीत आहे पण आतून गाडी पार उतरली होती, दरवाजांच्या पॅडचं मरून रेक्झिन उन्हाने विटलेलं आणि जिथे बाबांचं कोपर टेकायचं तिथे तर रंग जाऊन पांढरट डाग पडलेला. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, म्हणून सामान बघायलाही कुर्ल्याला सीएसटी रोडलाच गेलो, नवीन रेक्झिन मिळत होतं पण तो जुना पोत काही सापडेना, मग ठरवलं की आहे तेच रंगवायचं.

मागच्या दाराचा पॅड आधी घेतला आणि तो बिघडलाच. वर्षानुवर्षं मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश नीट निघालं नव्हतं, स्प्रे मारल्याबरोबर रंग फाटला, बारीक गोल गोल खड्डे पडले. सगळं काढून परत साबणाचं पाणी, मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसत बसलो. आणि साधा ऑइलपेंट अजिबात नको, तो पापुद्र्यासारखा वर बसतो आणि रेक्झिन वाकलं की तडकतो. म्हणून व्हिनाइल डाय, म्हणजे रेक्झिनवर चालणारा खास रंग, घेतला, तो पातळ असतो, रेक्झिनचे दाणे बुजत नाहीत. चार हात दिले, एकदम हलके, प्रत्येक हात सुकू देऊन. पावसाळ्यात तर करूच नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, मी डिसेंबरपर्यंत थांबलो.

काल आई पुढे बसली, कोपराच्या जागेवर हात फिरवत म्हणाली, "तेवढा डाग ठेवायचास रे."