इंदूर ते महेश्वर, सेकंडहँड इव्ही आणि गाडीसोबत न आलेला चार्जर

महेश्वरला जाऊन आलो. दोन दिवस, आई, मावशी, बायको आणि मी, घरी परतलो तेव्हा बॅटरी ४७ टक्के होती आणि गाडीने कुठेही अडवलं नाही. पण या प्रवासाचं खरं काम आधीचे दहा दिवस इंदुरातच चाललं होतं, त्यामुळे घाट नि नर्मदा थोडक्यात सांगतो आणि त्या दहा दिवसांबद्दल जास्त लिहितो. सेकंडहँड इव्ही घेणारे आता आपल्याकडेही वाढलेत आणि जी चूक माझ्याकडून झाली ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये असं मनापासून वाटतं.

गाडी नेक्सॉन इव्ही, २०२१ ची, ३०.२ युनिटची बॅटरी. भोपाळहून घेतली, एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून, नाव लिहीत नाही. बॅटरी बघितली, टायर बघितले, कागद बघितले, चालवून बघितली, आणि डिकीतला खालचा कप्पा उघडून बघायचा राहिला. घरी लोकमान्य नगरला आल्यावर उघडला तर पोर्टेबल चार्जर नाही, टो हुक (बंद गाडी ओढायला लावतात तो) नाही, दुसरी किल्ली नाही, गाडीचं पुस्तक नाही, आणि चार्जिंगच्या तोंडावर डीसीच्या, म्हणजे फास्ट चार्जिंगच्या, दोन जाड पिनांना झाकणारी रबरी टोपी असते तीही तुटलेली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला पहिल्या मालकाने दिलंच नव्हतं. पहिल्या मालकाच्या घरी भिंतीवर बसवलेला चार्जर होता, तो त्याच्या भिंतीवरच राहिला, हे तर होणारच.

मला सुरुवातीला वाटलं ठीक आहे, शहरात फास्ट चार्जर आहेत, तिथे जाऊ. चार दिवस तसं केलं. विजयनगरच्या बाजूला जायचं, पाऊण-एक तास बसायचं, परत यायचं. हे रोजचं जमणारं नाही, शिवाय बॅटरीला अधूनमधून शंभर टक्क्यांपर्यंत सावकाश चार्ज द्यावाच लागतो. आणि आईला महेश्वर दाखवायचं कबूल केलं होतं. हिशोब करून बघितला, जाऊन-येऊन १८० किलोमीटरच्या आसपास, माझी गाडी उन्हाळ्यात एसी लावून एका चार्जमध्ये १८०-१९० देते. म्हणजे महेश्वरला रात्री चार्ज करायचंच, आणि त्यासाठी साध्या पॉवर प्लगला लागणारा चार्जर हातात हवाच. स्टेपनीशिवाय कुणी घाटात जातं का, तसंच हे.

आता खरेदी. आधी सर्व्हिस सेंटरला गेलो, पार्ट मागवून मिळतो पण वेळ लागेल म्हणाले आणि भाव ऐकून मी बाहेरचा शोधायचं ठरवलं. महाराणी रोडला दोन संध्याकाळी फिरलो, सियागंजला एक सकाळ गेली. वायर, एमसीबी, सॉकेट, लग, ग्लँड हे सगळं महाराणी रोडला उत्तम मिळतं आणि दुकानदार नीट समजावून सांगतात. चार्जरचं मात्र तसं नाही. सहा हजारांपासून वीस-बावीस हजारांपर्यंत भाव सांगितले, आणि फरक कशात आहे विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, ‘भिया, ये ज्यादा पॉवर का है, जल्दी चार्ज होगी.’

इथेच नीट समजून घ्या. ज्याला आपण चार्जर म्हणतो त्या पेटीत चार्जर नसतोच. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. बाहेरची पेटी फक्त वीज सोडते, बंद करते, विजेची गळती बघते आणि गाडीला सांगते की तू जास्तीत जास्त इतके अँपियर ओढ. हे सांगणं एका बारक्या पिनेवरून चालतं, एक किलोहर्ट्झचा सिग्नल असतो, त्यातल्या पल्सच्या रुंदीवरून गाडीला १० अँपियर, १६ अँपियर असं कळतं. मग गाडी आपल्या आतल्या चार्जरला झेपेल तेवढंच घेते. माझ्या गाडीच्या आतला चार्जर ३.३ किलोवॅटचा आहे. त्यामुळे मी ७.२ किलोवॅटची महागडी पेटी घेतली असती तरी गाडी ३.३ नेच चार्ज झाली असती, एक मिनिट लवकर नाही. दुकानात जायच्या आधी आपल्या गाडीच्या आतला चार्जर किती किलोवॅटचा आहे ते शोधा, मगच भाव विचारा. ज्यांच्या गाडीत ७.२ चा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, पण ते ३२ अँपियरचं काम आहे, साध्या प्लगवर होत नाही, घरी वेगळी वायर आणि बहुतेक वेळा मीटरचा मंजूर भार वाढवायला पोलोग्राउंडच्या वीज कंपनीचा अर्ज आलाच.

दुसरं, गनचा, म्हणजे गाडीत खुपसायच्या वायरीच्या टोकाचा, प्रकार. आपल्याकडच्या बहुतेक आताच्या गाड्यांना एसीसाठी टाइप २ आणि डीसीसाठी सीसीएस २ लागतं. टाइप २ ला सात भोकं असतात. मी घेतलेली गन घरी आणून बघितली तर दोन भोकांत पिनाच नाहीत, बायको म्हणाली तुटका माल दिला, मीही परत करायला निघालो होतो. मग लक्षात आलं की त्या दोन जागा थ्री फेजच्या बाकीच्या दोन फेजच्या आहेत, सिंगल फेजच्या गनमध्ये त्या रिकाम्याच असतात. फेज, न्यूट्रल, अर्थ आणि दोन बारक्या सिग्नलच्या, एवढ्या पाच असल्या की गन पूर्ण आहे.

शेवटी मी मधल्या भावाचा घेतला, १६ अँपियरचा, आणि तीन गोष्टींसाठी थोडे जास्त पैसे दिले. अँपियर कमी-जास्त करायचं बटण, ६, ८, १०, १३, १६ असं. प्लगच्या आत तापमान बघणारा सेन्सर, म्हणजे सॉकेट तापलं की आपोआप बंद. आणि पेटीतच गळती पकडणारं संरक्षण. बिल जीएसटीचं घेतलं, वॉरंटीची पट्टी दुकानातच लिहून घेतली. सर्वात स्वस्तवाला हातात घेतला तेव्हा त्याची वायर इतकी हलकी होती की मी परत ठेवला. रात्रभर, आठ-नऊ तास, एकसारखे १६ अँपियर वाहणार आहेत. गीझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो, हे तसं नाही, म्हणून जे सॉकेट वर्षानुवर्षं गीझरला पुरलं ते गाडीला पुरेलच असं धरू नका.

घरी म्हणूनच वेगळी लाइन ओढली. मीटरपासून ४ स्क्वेअरची (४ चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर, २० अँपियरचा एमसीबी, गळती झाली की लाइन तोडणारा ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, चांगल्या कंपनीचं १६ अँपियरचं सॉकेट. अर्थिंग तपासून घेतलं तेव्हा कळलं की आमच्या घराचा जुना अर्थ नावालाच होता. नवा रॉड ठोकून घेतला. त्या एका दिवसाचा खर्च चार्जरच्या निम्म्याहून कमी आला आणि घरातला फ्रिज, वॉशिंग मशीनसुद्धा त्यामुळे सुरक्षित झाले, त्याचं मला जास्त समाधान आहे.

बाकीच्या वस्तू पटकन सांगतो. टो हुक आणि रबरी टोपी सर्व्हिस सेंटरमधूनच घ्या, हुकचे आटे गाडीगणिक वेगळे असतात, बाहेर अंदाजाने घेऊ नका. दुसऱ्या किल्लीसाठी आरसी आणि ओळखपत्र घेऊन जावं लागतं, वेळ लागतो, पण जुनी हरवलेली किल्ली सिस्टममधून काढून टाकायला आवर्जून सांगा. हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप आणि पंक्चर किट जेल रोडला मिळालं. आणि एक गोष्ट वस्तू नाही पण त्याहून महत्त्वाची, गाडीचं अ‍ॅप. ते पहिल्या मालकाच्या नंबरावरच चालू होतं, म्हणजे माझी गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसू शकत होतं. ते आपल्या नावावर करून घ्या. बॅटरीची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते तीही तुमच्या नावावर येते का, आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण आहेत का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा.

आता प्रवास. शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो, शंभर टक्के. महूवरून जाम गेटच्या रस्त्याने गेलो. अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा, खाली निमाडचा सखल प्रदेश पसरलेला, आईने गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. पोहे मी घरूनच घेतले होते, इंदुरी जीरावण मसाला टाकून, तिथेच खाल्ले. पुढे उतार आहे, घाटात गाडी ब्रेकमधून वीज परत घेते, काही किलोमीटर टक्का हललाच नाही. मंडलेश्वर करून महेश्वरला पोचलो तेव्हा ६२ टक्के.

लक्षात ठेवा, जाताना मिळालं ते येताना द्यायचं आहे. इंदूर महेश्वरपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच. गाडी १४०० किलो, आम्ही चौघं आणि सामान धरून सतराशे, एवढं वजन चारशे मीटर वर न्यायला साधारण दोन युनिट नुसत्या चढाला जातात, म्हणजे माझ्या बॅटरीचे सहा-सात टक्के. ६२ वर तसेच परतलो असतो तर दहा-बारा टक्क्यांवर घर गाठलं असतं, उन्हात, आईला घेऊन. तसं मी करणार नाही.

जागेच्या बुकिंगच्या वेळीच विचारलं होतं की पार्किंगजवळ १५-१६ अँपियरचा मोठा प्लग आहे का, हो म्हणाले होते. प्लग होता. चार्जर लावला तर लाल दिवा, म्हणजे सॉकेटला अर्थिंग नाही. त्यांनी माणूस बोलावला, स्वभावाने फार चांगला, मदत करायला तयार. म्हणाला, ‘भिया, अर्थिंग तो अपन अभी बना देंगे, दो मिनट का काम है,’ आणि सॉकेट उघडून न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तुकडा जोडायला निघाला. मी हात जोडून थांबवलं. असं केलं की चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो आणि गाडी चार्जही होते. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीचा पूर्ण पत्रा करंटमध्ये येतो, आणि सकाळी दाराला पहिला हात लावणार ती माझी आई. त्यालाही हे समजावून सांगितलं, त्याने शांतपणे ऐकलं, आणि मग त्यानेच सुचवलं की मागच्या बाजूला बोअरच्या मोटरची लाइन आहे तिथे खरं अर्थिंग आहे.

मीटर लावून बघितलं. फेज ते न्यूट्रल २२६, फेज ते अर्थ २२५, न्यूट्रल ते अर्थ एक व्होल्टच्या आत. हे तीन आकडे बघितल्याशिवाय परक्या ठिकाणी गन लावू नका, साधं मल्टिमीटर पुरतं, ज्याला ते वापरता येत नसेल त्याने तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर घ्यावा. तिथे पोचायला एक्स्टेन्शन लागली, ती मी घरीच बनवून घेतली होती, तीन कोअरची ४ स्क्वेअरची, दहा मीटर. ती पूर्ण उलगडूनच वापरायची, गुंडाळी तशीच ठेवली तर आतल्या आत तापते. वायरिंग जुनं होतं म्हणून चार्जर ८ अँपियरवर ठेवला. रात्री साडेदहाला लावला, अर्ध्या तासाने आणि बाराला उठून प्लगला हात लावून बघितला, कोमट होता फक्त. सकाळी सहाला ९९ टक्के. त्यांना विचारून युनिटचे पैसे दिले, आधीच सांगितलं होतं की देईन, त्यामुळे त्यांनाही बरं वाटलं.

सहा अँपियरच्या सॉकेटला पंधराचा प्लग बसवायचे जे छोटे कन्व्हर्टर मिळतात ते मात्र डिकीत ठेवूच नका. ठेवले की कधीतरी वापरले जातात. त्याऐवजी निळ्या औद्योगिक सॉकेटवरून १६ अँपियरला येणारी जोडणी ठेवा, जुन्या सरकारी चार्जिंग पॉइंटवर ते निळं सॉकेट अजून दिसतं.

रविवारी सकाळी घाटावर गेलो. किल्ल्यात अहिल्याबाईंची गादी बघताना मावशीने पदर डोक्यावर घेतला. दोघींनी एकेक महेश्वरी साडी घेतली, भाव करायला मला बाजूला बसवलं. येताना धामनोदवरून ए. बी. रोडने आलो, मानपूरच्या घाटात ट्रकच्या मागे सावकाश चढलो, एसी चालूच होता. राऊला पोचलो तेव्हा पन्नास टक्के, आणखी तीन शहरातल्या ट्रॅफिकमध्ये गेले.

पुढच्या महिन्यात ओंकारेश्वर आहे. राहायची जागा ठरवताना या वेळी मी त्यांच्याकडून सॉकेटचा नाही, मल्टिमीटरच्या तिन्ही आकड्यांचा फोटो मागवलाय.