मांजरपाटावरचा कापूस-नकाशा: सुवेझची दोन काजं झाली

कापडी नकाशावरच्या सुवेझ कालव्याची दोन्ही काजं घालून झाली. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की किनारे रंगवून झालेत, पण जहाजांचे मार्ग कसे दाखवायचे ते ठरत नाही. आता ठरलंय, आणि निम्म्याहून जास्त शिवूनही झालंय.

नव्याने वाचणाऱ्या नकाशाप्रेमींसाठी थोडक्यात सांगतो. आठवी ते दहावीच्या मुलांना हात लावून वाचता येईल असा कापडी नकाशा करतोय. विषय एकच, कापूस. काळ १८५९ ते १८६९. या दहा-अकरा वर्षांत सुवेझ कालवा खणला गेला, सोलापूरला रेल्वे आली, अमेरिकेत यादवी युद्ध झालं, इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्या कापसावाचून बंद पडल्या आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर येऊन ओसरला. मुलांच्या दप्तरात इतिहासाचं पुस्तक वेगळं आणि भूगोलाचं वेगळं असतं. वारे एका तासाला, युद्धं दुसऱ्या तासाला. माझ्या मते या दहा वर्षांचं काहीही वाऱ्यांशिवाय, मातीशिवाय आणि घाटाशिवाय समजत नाही. आणि सोलापूरच्या मुलांना जग दाखवायचं तर सुताइतका जवळचा धागा दुसरा नाही.

कापड मांजरपाट आहे, धुऊन आटवून घेतलेलं. उभा आणि आडवा धागा सारखा आटत नाही, त्यामुळे न आटवता आखलेली चौकट पहिल्याच धुण्यात तिरकी होते. कापडी नकाशा करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं. आटल्यावर हलकी खळ देऊन इस्त्री केली की पेन्सिल छान चालते.

अख्खं जग घेतलं नाही. डावा काठ १००° पश्चिम, उजवा १००° पूर्व, खालचा ४०° दक्षिण, वरचा ६०° उत्तर. एका अंशाला एक सेंटीमीटर, म्हणजे नेमका २ मीटर बाय १ मीटरचा पट. मिसिसिपीचं मुख डाव्या काठापासून ११ सेंमीवर येतं, सोलापूर उजव्या काठापासून साधारण २४ सेंमीवर. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचं केप ऑफ गुड होप खाली बसतं, लिव्हरपूल वर बसतं. पॅसिफिक महासागर या गोष्टीत लागतच नाही, म्हणून खाली डावीकडे आलेल्या कोपऱ्यापलीकडे त्याला जागा दिली नाही.

ही साधी चौकोनी जाळी आहे आणि तिचा दोष मुलांपासून लपवायचा नाही असं मी पहिल्यापासून ठरवलंय. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ कि.मी. असतो, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११, सोलापूरच्या अक्षांशावर सुमारे १०६ आणि लिव्हरपूलच्या अक्षांशावर अवघा ६६ कि.मी. भरतो. म्हणजे वर युरोपात आडव्या दिशेने सगळं ताणलं गेलंय. खरी अंतरं दाखवायला नकाशाखालच्या लाकडी पट्टीला दोन मोकळे दोरे बांधलेत, १ सेंमीला १०० कि.मी. या हिशोबाने. मुंबई ते लंडन केपला वळसा घालून साधारण १९,८०० कि.मी., तो दोरा १९८ सेंमीचा. सुवेझमार्गे साधारण ११,६०० कि.मी., तो ११६ सेंमीचा. दोन्ही शेजारी ताणून धरले की फळ्यावर आकडे लिहायची गरज राहत नाही.

आता मुख्य काम, शिडाच्या जहाजांचा मार्ग. पांढरं दोन पदरी सूत सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मागवाल्याकडून मिळालं, त्याने कोनावर उरलेलं तसंच दिलं. मुलांना मुंबई ते लिव्हरपूल मार्ग काढायला सांगितलं की ती आफ्रिकेच्या कडेकडेने रेघ ओढतात. शिडाचं जहाज तसं जात नाही, वारा नेईल तसं जातं. हिवाळ्यात ईशान्य मोसमी वारे मुंबईहून निघालेल्या जहाजाला नैर्ऋत्येकडे, आफ्रिकेच्या बाजूला ढकलतात. पुढे अगुल्हास प्रवाह केपकडे ओढून नेतो. केप ओलांडलं की आग्नेय व्यापारी वारे सेंट हेलेना बेटाजवळून वायव्येकडे नेतात. मग विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा लागतो, तिथे शिडं लोंबतात. तो ओलांडला की ईशान्य व्यापारी वारे समोरून येतात, म्हणून जहाज आणखी पश्चिमेला सरकत अझोर्सच्या बाजूला वर चढतं, आणि तिथे पश्चिमी वारे मिळाले की इंग्लंडकडे वळतं. त्यामुळे अटलांटिकमध्ये मार्गाला मोठा बाक येतो.

हा बाक मी धावदोऱ्याने शिवला आणि प्रत्येक वळणावर ज्या वाऱ्याने वळवलं त्याचे बाण फिक्या निळ्या साखळी टाक्याने भरले. नववीतल्या मुलीने त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "काका, म्हणजे ग्रहीय वाऱ्यांची आकृती आम्ही उगाच नाही काढत." हा नकाशा ज्यासाठी चाललाय, ते हेच.

दुसरा दोरा काळा, आगबोटींचा. १८६९ च्या आधी तो मुंबईहून एडनला जातो आणि सुवेझच्या बटणाला अडकून थांबतो. एडन इंग्रजांनी १८३९ मध्ये घेतलं, पुढे ते कोळसा भरायचं मोठं ठिकाण झालं. सुवेझला टपाल आणि प्रवासी उतरत आणि कैरोमार्गे अलेक्झांड्रियाला जात. १८५८ पासून ही सगळी वाट रेल्वेची झाली, ती लाल टाक्याने दाखवलीय. तिथून पुन्हा बोट. कापसाच्या अवजड गाठींना ही चढ-उतार परवडणारी नव्हती, त्या केपवरून शिडाच्या जहाजांतून जात. पत्र एका वाटेने आणि कापूस दुसऱ्या वाटेने, आणि पत्र कितीतरी आधी पोचणार. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला येणाऱ्या मालाची खबर माल येण्याआधी मिळायची. कापसाच्या सट्ट्याचं मूळ समजावायला एवढं पुरतं.

कालव्यासाठी बराच विचार केला. निळी रेघ मारली असती तर ती इतर रेघांत हरवली असती. कालवा उघडल्याची क्रिया मुलांनी स्वतः करायला हवी होती. म्हणून एक काज सुवेझला, एक पोर्ट सैदला. काळा दोरा बटणावरून सोडवायचा, सुवेझच्या काजातून मागे घालायचा, पोर्ट सैदच्या काजातून वर काढायचा आणि भूमध्य समुद्रातून लिव्हरपूलपर्यंत ताणायचा. तारीख १७ नोव्हेंबर १८६९. दोन काजांतलं अंतर प्रमाणात आहे, दीड सेंमीपेक्षा थोडं कमी. मूळ कालवा १६४ कि.मी.चा होता, आता १९३ कि.मी. आहे.

काजं आमच्या गल्लीतल्या शिंपीदादांनी हाताने घातली. "एवढ्या जवळ घातली तर मधलं कापड उसवतंय बघा, मागून बकरम लावू," म्हणाले. बकरम लावलं, आता दोरा कितीही ओढला तरी कापड धरून आहे. तुम्ही असं काही करणार असाल तर बकरम आधी, काज नंतर.

पांढरा दोरा मात्र १८६९ नंतरही केपवरच राहतो, तो काढायचा नाही. कालवा उघडला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी जहाजं तिकडून गेली, असं मुलांना वाटतं. तांबड्या समुद्रातल्या उत्तरेकडच्या वाऱ्यांविरुद्ध शिडाचं जहाज वर चढणं फार कठीण, आणि अरुंद कालव्यात ते ओढून न्यावं लागणार. कालव्याचा फायदा आगबोटींना झाला, आणि त्यातूनच शिडाच्या जहाजांचे दिवस हळूहळू संपले. दोन्ही दोरे एकत्र दिसले तरच हे कळतं.

कालव्याला जहाज वर-खाली करणारे पाण्याचे दरवाजे का नाहीत आणि पनामाला का आहेत, हा प्रश्न हमखास येतो. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या सर्वेक्षकांना १७९९ मध्ये तांबडा समुद्र भूमध्यापेक्षा सुमारे १० मीटर उंच वाटला होता. १८४७ च्या मोजणीत दोन्ही पातळ्या जवळपास सारख्या निघाल्या, त्यामुळे सपाट वाळवंटातून सरळ चर खणता आला. पनामात मध्ये डोंगर आहे, जहाज सुमारे २६ मीटर वर उचलून पुन्हा उतरवावं लागतं. पनामाची संयोगभूमी नकाशात आहे, पण तो कालवा १९१४ चा, म्हणून तिथे टाका नाही. सुवेझशेजारी मात्र एक ओळ भरलीय: सुरुवातीची वर्षं इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीला धरून हे खणकाम झालं. कालवा उभा करणाऱ्या फर्डिनंड द लेसेप्सचं नाव लिहायचं तर ही ओळही लिहायलाच हवी.

अमेरिकेचा भाग शिवताना हात सावकाश चालला. १८६० च्या जनगणनेत तिथे गुलाम माणसं साडेएकोणचाळीस लाख होती. दक्षिण कॅरोलिना आणि मिसिसिपी या राज्यांत तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची. गडद तपकिरी दोऱ्याची एक गाठ म्हणजे एक लाख माणसं, अशा चाळीस गाठी मिसिसिपीपासून कॅरोलिनापर्यंत घातल्यात. शेवटची निम्मी. आकडा वाचून मुलं पुढे जातात, गाठी मोजताना थांबतात. ब्रिटनच्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस या माणसांच्या हातचा होता. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि हा पुरवठा आटत गेला.

लँकेशायरला जागा छोटी आहे, तिथे दोनच गोष्टी घेतल्या. १८६२ च्या हिवाळ्यात जवळपास पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. तरीही वर्षाच्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंब्याचं पत्र लिहिलं, आणि १९ जानेवारी १८६३ ला लिंकनने त्यांना उत्तर दिलं.

आता आपला कोपरा. बंगालच्या उपसागराच्या जागेत मोठ्या प्रमाणावरचा वेगळा चौकोन केलाय, मुंबई ते सोलापूर. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन झालेली काळी माती, ती ओल धरून ठेवते म्हणून कमी पावसातही कापूस तगतो. मातीसाठी रंग न वापरता काळ्या सुती कापडाचा तुकडा जोडलाय. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली, वाटेत बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. पण बोरघाट १८६३ पर्यंत पुरा व्हायचा होता. म्हणजे अमेरिकेची नाकेबंदी सुरू झाली, मुंबईत कापसाचे भाव चढायला लागले, तेव्हा सोलापूरहून रेल्वेने निघालेला माल खंडाळ्याला उतरवून घाटातून खाली न्यावा लागे आणि खोपोलीला पुन्हा गाडीत भरावा लागे. चौकोनात रूळाचा टाका घाटावर तुटलेला ठेवलाय. १८६३ सालची तारीख आली की मुलांनी हूक लावून तो जोडायचा. या घाटात चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका आहे, तो ताशी किती किलोमीटरने चढता येईल यावर दहावीच्या मुलांचा वाद चांगला अर्धा तास चालला.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या बँका आणि समुद्र हटवून जमीन करायला निघालेल्या कंपन्या बुडाल्या. गाठी बांधून बाहेर जाणाऱ्या कापसाचं सूत सोलापुरातच निघायला लागलं ते १८७७ मध्ये, जुन्या मिलपासून. ते साल आपल्या काळाच्या बाहेर आहे, तरी काठावर गिरणीची एक चिमणी भरलीय. तेवढी सूट सोलापूरकराला हवी.

राहिलेलं काम: ब्राझीलचा ईशान्य भाग आणि मध्य आशिया. १८६५ मध्ये रशियाने ताश्कंद घेतलं, पुढे तिथे कापूस वाढत गेला. अरल समुद्र मी १८६० चा, भरलेला, काढलाय. १९६० नंतर अमूदर्या आणि सिरदर्याचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवल्यावर तो कसा आटला, हे त्यावर पारदर्शक कापडाची घडी टाकून दाखवायचा विचार आहे. ऑर्गंडी धुण्यात टिकत नसेल तर दुसरं काय वापरावं, हे ज्यांनी घडीचे नकाशे केलेत त्यांनी सांगावं. आणि मोसमी वारे उन्हाळ्यात उलटे फिरतात, ते बाण फिरते कसे करावेत, टिचबटणावर की चिकटत्या पट्टीवर (वेल्क्रोवर), यावरही तुमचा अनुभव हवाय. पुढच्या नोंदीपर्यंत ब्राझील शिवून होईल.