पेन्सिलीची रेघ

शनिवार, 7 फेब्रुवारी, रात्री पावणेअकरा

दुधाचा हिशोब मांडण्यासाठी वही काढली आणि नेमके शेवटचे पान उघडले गेले. मुंबईला जायच्या दोन दिवसांचे सगळे आकडे मी त्याच पानावर लिहून ठेवले आहेत: गाडी, एसटी, लोकल, तिकिटे, खाणे, आणि सगळ्यांच्या खाली दोनदा अधोरेखित केलेले 5000. त्यांपैकी तीन ओळींवर आज पेन्सिलीची रेघ दिसली. रेघ पट्टी लावून मारलेली आहे. ‘घारापुरी’च्या पुढे बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘लेणी आपल्याकडे आहेत’. ‘राणीबाग, पेंग्विन’च्या पुढे, ‘टीव्हीवर पाहिले’. ‘शनिवारी रात्री हॉटेलात जेवण’ या ओळीपुढे काहीच लिहिलेले नाही, नुसती रेघ आहे.

मनू आत झोपली आहे. वहीला हात लावू नकोस असे मी तिला कधी म्हटलेले नाही, उलट बेरीज तपासायला मीच ती तिच्या हातात देते. तेव्हा तिने वही पाहिली यात गैर काहीच नाही. मला बोचते आहे ते वेगळेच. मी तिला विचारलेच नव्हते. ‘यातले काय कमी करू या’ हा प्रश्न या घरात कोणी उच्चारलेला नसताना तिने त्याचे उत्तर देऊन टाकले, आणि तेही अशा कारणांसह, की वाचणाऱ्याला ती पटावीत. लेणी आपल्याकडे आहेत हे खरेच आहे, पांडवलेणीच्या पायऱ्या ती दर पावसाळ्यात चढते. पेंग्विन टीव्हीवर पाहिले हेही खरे. पण राणीबागेचे तिकीट मोठ्या माणसाला 50 रुपये आणि लहान मुलाला 25 रुपये आहे, हे मी त्याच ओळीत लिहून ठेवले होते. म्हणजे माझ्या मुलीने पंचवीस रुपयांसाठी स्वतःहून ‘नको’ म्हटले.

आणि तिला ते नको आहे यावर माझा विश्वास बसत नाही. हे पेंग्विन 2016 साली दक्षिण कोरियातून मुंबईत आले, ते हम्बोल्ट जातीचे आहेत आणि त्यांचे मूळ घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर आहे, हे सगळे मला दिवाळीच्या सुट्टीत तिनेच सांगितले होते. मी भाकरी थापत होते आणि ती ओट्याला टेकून बोलत होती. पेंग्विन म्हटले की बर्फच असे नसते, आई, हे वाक्य तिने दोनदा म्हटले होते. तेव्हा मी काय म्हणाले ते मला आठवते. मी म्हणाले, ‘बघू.’

आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ काय होतो, ते ती फार लवकर शिकली असावी.

गेले आठ दिवस हा हिशोब करताना मला मनापासून आनंद होत होता. ह्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे हातात आले आणि पहिल्यांदाच असे वाटले की ते गॅस किंवा क्लासच्या फीकडे न वळवता बाजूला ठेवता येतील. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होते, 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत ते 120 दिवस आधी होत असे. आम्ही ठरवले तेव्हा हाती जेमतेम चार आठवडे होते, तरीही 28 तारखेच्या पंचवटीची तीन तिकिटे पक्की मिळाली. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघायचे आणि अकराच्या आत सीएसएमटीला उतरायचे. मनू बाराच्या आतली असली तरी तिला स्वतंत्र सीट हवी, म्हणून तिचेही पूर्ण भाडे भरले. रविवारी परतीच्या पंचवटीला मात्र वेटिंग दाखवत होते, आणि ई-तिकीट शेवटपर्यंत वेटिंगमध्येच राहिले तर ते आपोआप रद्द होते, मग आयत्या वेळी धावाधाव करायची. त्यापेक्षा येताना मुंबई सेंट्रलहून एसटीने येऊ, असे मी ठरवले. एसटीत मनूचे अर्धे तिकीट वयामुळे, माझे अर्धे मार्च 2023 पासून बायकांना मिळणाऱ्या सवलतीमुळे, आणि पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचे. म्हणजे तिघांच्या प्रवासाला दोघांचे भाडे. गेल्या वर्षी जानेवारीत भाडेवाढ झाली, तरी हा आकडा लिहिताना मला फार बरे वाटले होते.

मुक्कामाचा प्रश्न त्याहून अवघड होता. दादरच्या बाजूला बऱ्या वाटणाऱ्या लॉजचे दर पाहिले आणि ते पान मी बंदच केले. कल्याणला मावशी आहे. तिच्याकडे राहायचे म्हणजे लॉजचे पैसे वाचतात, पण रिकाम्या हाताने जाता येत नाही, म्हणून अर्धा किलो कोंडाजी चिवडा आणि दोन किलो द्राक्षे मी यादीत लिहिली. सध्या द्राक्षे चांगली येत आहेत. मावशीशी फोनवर बोलताना ती ‘या की, विचारायचे काय त्यात’ म्हणाली, तरी विचारण्याआधी मी दोन दिवस घालवले, त्याबद्दल आज लिहीत नाही.

शनिवारी दुपारचे जेवण घरून न्यायचे: दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची सुकी भाजी. सीएसएमटीची इमारत बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत, गेटवेला पडत नाहीत, जहांगीर आर्ट गॅलरीला पडत नाहीत आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दोन तास बसायलाही पडत नाहीत. सीएसएमटीचे बांधकाम 1888 मध्ये पूर्ण झाले आणि 2004 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली, गेटवे 1924 चा, असे सगळे मी मनूला दाखवताना सांगायचे म्हणून वेगळ्या कागदावर टिपून ठेवले आहे. खर्चाच्या ओळी अगदी मोजक्या उरल्या होत्या, आणि त्यांतल्या तीन मी मुद्दाम, खूप विचार करून ठेवल्या होत्या. त्या तिच्यासाठी होत्या. नेमक्या त्याच तीन ओळी तिने पट्टी लावून खोडल्या.

इथपर्यंत लिहून मी थोडा वेळ थांबले होते, कारण डोळे भरून आले होते. आपण काटकसर करतो ती मुलांना कळू न देता करतो असे आपल्याला वाटत असते. मी तिच्यासमोर पैशांचे रडगाणे कधी गायलेले नाही, वाण्याच्या उधारीबद्दल तिच्यादेखत बोललेले नाही. तरीही तिने ते उचलले, भाषा उचलावी तसे. अकराव्या वर्षी एखाद्या मुलीने हट्ट करावा, रुसावे, पाय आपटावेत. माझ्या मुलीला हट्ट करता येत नाही, हे आज मला एका वहीच्या पानावरून समजले.

आणि हे लिहीत असतानाच मला माझी सहावीतली सहल आठवली.

ती सहलही मुंबईचीच होती. राणीबाग, तारापोरवाला मत्स्यालय आणि म्हातारीचा बूट. वर्गणी 120 रुपये होती. त्या वर्षी नानांची कंपनी बंद होती. बाईंनी दिलेली चिठ्ठी मी दप्तरातून बाहेरही काढली नाही. नाना जेवायला बसले तेव्हा मी आपणहून सांगितले की शाळेची सहल आहे, पण मी जाणार नाही, कारण मला गाडी लागते. नाना घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले आणि मग ‘बरं’ म्हणाले. एवढेच. त्यानंतर आम्ही कुठेही निघालो की नाना बसस्टँडवर आठवणीने एक लिंबू विकत घेत आणि माझ्या मुठीत देत. लग्नात त्यांनी ह्यांनाही सांगितले, हिला गाडी लागते हो, लिंबू जवळ ठेवत जा. हे आजतागायत ठेवतात. अठरा वर्षे झाली, कसारा घाट आला की ह्यांच्या खिशातून लिंबू निघते आणि माझ्या हातात येते.

मला गाडी कधीच लागली नाही. आणि आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले की नानांना ते ठाऊक असणार. कारण त्याच वर्षीच्या चैत्रात आम्ही एसटीने वणीच्या गडावर गेलो होतो, आणि नांदुरीपासून वरपर्यंतच्या साऱ्या घाटात मी त्यांच्याच मांडीवर बसून पुडीतली भेळ खात होते. वळणावर पुडी कलंडली आणि त्यांच्या धोतरावर चिंचेच्या पाण्याचा डाग पडला होता. हे ते आठ महिन्यांत विसरणे शक्य नाही.

म्हणजे त्यांनी माझे खोटे ओळखले, ते मोडले नाही, आणि पुढे आयुष्यभर लिंबू विकत घेऊन ते खरे करत राहिले. मी तेव्हा दुःखी होते का, हे आठवून पाहते आहे. सहलीच्या दिवशी सकाळी वाईट वाटले होते, ते आठवते. पण त्या रात्री ‘मला गाडी लागते’ असे म्हणताना वाईट वाटले नव्हते. त्या क्षणी मी स्वतःला फार मोठी वाटले होते, घरातल्या जबाबदार माणसांपैकी एक. मनूलाही पट्टी लावताना तसेच वाटले असेल, तर माझे हे मघाचे रडणे तिच्या कामाचे नाही.

पान पुन्हा एकदा नीट पाहिले. अगदी खाली मी ‘दुमजली बस’ एवढेच लिहिले होते. ती ओळ खोडलेली नाही. तिच्याभोवती चौकोन काढला आहे, चौकोनाला दोन रांगांत खिडक्या काढल्या आहेत, आणि वरच्या रांगेतल्या अगदी पुढच्या खिडकीत तीन वाटोळी डोकी आहेत, त्यांतल्या मधल्या डोक्याला दोन वेण्या आहेत. जुन्या लाल दुमजली गाड्या 2023 च्या सप्टेंबरमध्ये कायमच्या थांबल्या, आता विजेवरच्या वातानुकूलित धावतात आणि त्यांचे किमान भाडे 12 रुपये आहे. ती बस तिला खरोखर आवडते म्हणून राहिली, की यादीत सर्वांत स्वस्त तीच होती म्हणून, ते मला सांगता येणार नाही. चित्र मात्र घाईने काढलेले नाही. खिडक्यांना पडदेसुद्धा आहेत.

मी काहीही खोडरबरने पुसलेले नाही. घारापुरी खरोखरच राहू दे; लेण्यांचे तिकीट 40 रुपयेच आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तेही नाही, पण बोटीच्या भाड्याने सगळा हिशोब कोलमडतो, तिचे म्हणणे बरोबर आहे. शनिवारी रात्री मावशीच्या घरी जेवण होईलच, तिथे हॉटेलची ओळ मुळात माझीच चूक होती. रविवारच्या रकान्यात मात्र मी पेनाने लिहिले, ‘सकाळी नऊच्या आत कल्याण सोडणे, मेगाब्लॉक असू शकतो; भायखळा येथे उतरणे’. राणीबाग असा शब्द लिहिला नाही. भायखळ्याला कशासाठी उतरायचे ते तिला वाचल्यावर कळेल, आणि कळले तरी ती मला विचारणार नाही, असे वाटते.

साडेअकरा. हे आले. हात धुऊन त्यांनी ताट वाढून घेतले आणि वही स्वतःकडे ओढली. पेन्सिलीच्या रेघांकडे त्यांनी बराच वेळ पाहिले, काही बोलले नाहीत. मग माझ्या हातातले पेन घेऊन शेवटच्या ओळीखाली त्यांनी लिहिले, ‘लिंबे, 10 रुपये’, आणि 5000 च्या जागी 5010 केले.